काचेतली पांढरी बाई

“दिसली! मागं घे, मागं घे... थांबव! ती बघा, ती!”

पत्र्याच्या शेडमधली सगळी माणसं एकदम गुडघ्यांवर उठली. भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर एक रस्ता दिसत होता. म्हणजे रस्ता असावा. कडेची झाडं पाण्यात बुडाल्यासारखी, पुढची गाडी नुसता तांबडा डाग. आणि त्या सगळ्या गढूळपणात, झाडाच्या सावलीत, एक बाई उभी. पांढरं नेसलेली. हात नाहीत, तोंड नाही, डोक्यावर मात्र पिंजारलेले केस. ते केस एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.

शेजारच्या शालूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यांच्या मुलाच्या, कृष्णातच्या, टेम्पोत काचेमागं रस्ता टिपणारा कॅमेरा होता, त्यातही अशीच बाई सापडली होती.

“तीच गं ही,” त्या माझ्या कानाशी लागल्या. “आमचीबी अशीच हुती. जुळी भैन म्हनलीस तरी चालंल.”

“सगळ्यांच्या गाडीपुढं एकच बाई कशी उभी राहते, शालूबाई?”

“न ऱ्हायला काय झालं? फिरती की. तिला काय एस्टीचं तिकीट काढायचंय?”

टीव्हीखालच्या गादीवर दृष्टीनाथ महाराज बसले होते. डोळ्यांत बोटभर काजळ, गळ्यात काचमण्यांची माळ, मनगटावर स्मार्ट घड्याळ. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि हात जोडले.

“देवाला पुरावा लागत न्हाई, पावणं. मानसाला लागतोय. म्हनून देवानं मानसाला कॅमेरा दिला. मानसाचा डोळा खोटं बोलंल, भिंग बोलत न्हाई. ही अंधश्रद्धा न्हवं. हे विज्ञान हाय, विज्ञान!”

लोकांनी माना डोलावल्या. मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे. त्या माणसाच्या तोंडून ‘विज्ञान’ ऐकताना मला एवढा संताप आला, की मांडीवरची जिजा दचकून जागी झाली.

टीव्हीवरचा तो रस्ता आमच्या गाडीतून घेतलेला होता. महाराजांचं बोट पडद्यावरच्या बाईवरून निघालं आणि हवेतून येत येत माझ्या चार वर्षांच्या लेकीवर थांबलं.

“हिच्यासाठी आलीया ती.”

जिजाला पहिली फिट गाडीतच आली होती. चंदगडला, सासूबाईंच्या माहेरी जाऊन परत येताना. मागच्या सीटवर गाणं म्हणत होती, म्हणता म्हणता थांबली. डोळे वर गेले, हातपाय झटके द्यायला लागले. त्या क्षणापासून मी झोपले म्हणजे नुसती आडवी होते. तिचा श्वास ऐकत राहते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नाव सांगितलं, घाबरू नका म्हणाले. “हे औषध सकाळ-संध्याकाळ. चुकवायचं नाही आणि मनानं बंद तर अजिबात करायचं नाही. बंद केलं तर फिट आणखी जोरात येईल.” इतकं सरळ. इतकं स्पष्ट.

पण सासूबाईंना, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्यात समाधान वाटेना. “गाडीतच कशी आली? घरात का आली न्हाई? गाडीलाच कायतरी लागलंय.” अमावस्येला गाडीपुढं नारळ फोडणं, लिंबू-मिरची बांधणं आमच्याकडे घराघरात चालतं. त्याच्यावर मी कधी भांडले नाही. पण आक्का त्याच्याही पुढं गेल्या. कुणीतरी या महाराजांचं नाव सांगितलं आणि माझा नवरा विश्वजित गाडी घेऊन तिथं गेला.

विश्वजित शिरोली एमआयडीसीत तपासनीस आहे. कारखान्यातून निघणाऱ्या लोखंडी भागांतली केसाएवढी भेग शोधायचा पगार घेतो. डोळ्याला भिंग लावून एकेक भाग फिरवून बघतो, शंका आली तर बाजूला काढतो. त्या माणसानं आपली गाडी महाराजांच्या पडद्याआड ‘दृष्टबंधनाला’ सोडली आणि बाहेर बाकड्यावर बसून चहा प्याला!

पडद्याआड महाराजांचा चेला पिराजी होता, आधी कुठल्याशा गॅरेजात कामाला होता म्हणे. गाडी बाहेर आली तेव्हा डॅशबोर्डवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला नारळ मेणानं आडवा चिकटवलेला होता. शेंडी आपल्याकडं. “हलवायचा न्हाई. शेंडी घरधन्याकडंच पायजे. आता गाडी फिरवा आन कॅमेऱ्यात काय घावतंय ते घेऊन या.” कॅमेऱ्यातलं जुनं रेकॉर्डिंग ‘शुद्ध’ केलं होतं. म्हणजे पुसलं होतं.

आणि घावली की बाई!

“औषध बंद करा,” महाराज म्हणाले. “औषधाच्या उग्र वासानं देव उंबऱ्याच्या आत येत न्हाई. ह्ये तीर्थ पाजा.”

“औषध बंद होणार नाही,” मी म्हणाले.

महाराज हसले. माझ्याशी नाही, विश्वजितशी बोलले. “शिकल्यात व्हय वैनी? आसूं द्या. शिक्षान काचंगत असतंय. पलीकडचं दिसल्यागत वाटतंय, पर हात लावाय गेलं की आपटतोय मानूस.”

शेड हसलं. माझा नवराही थोडा हसला. ते थोडं हसणं मी अजून विसरलेले नाही.

घरी मी जिजाला रोज माझ्या हातानं औषध देत होते. चमच्यानं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या पिचकारीनं, खूण बघून. तरीही एका सकाळी बालवाडीतून फोन आला. मी पळत गेले तेव्हा जिजा फरशीवर कुशीवर पडलेली होती आणि बालवाडीच्या बाई तिच्या डोक्याखाली स्वतःची ओढणी घालून बसल्या होत्या. ही फिट पहिल्यापेक्षा लांबली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “औषध कुणी बंद केलं?”

“कुणीच नाही. मी स्वतः देते.”

“बाटली आणा.”

घरून बाटली आणली. डॉक्टरांनी झाकण उघडून नाकाशी धरली आणि माझ्या हातात दिली. त्या औषधाला संत्र्याच्या गोळीचा वास असतो. या बाटलीला कसलाच वास नव्हता. बोट बुडवून चाखलं. साखरेचं पाणी.

आक्का दाराशी उभ्या होत्या. “तीर्थ घातलंय,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “तू दिलं नसतंस म्हनून बाटलीत घातलं. साखर घातली, पोरगी थुकंल म्हनून.”

मी माझ्या हातानं, खुणेवर नजर ठेवून, माझ्या लेकराला साखरपाणी पाजत होते! मला ओरडायचं होतं, पण जिजा झोपली होती. मी एवढंच विचारलं, “कुणी सांगितलं?”

“म्हाराजांनी. आईच्या नकळत करा म्हनले.”

संध्याकाळी महाराजांचा निरोप आला. दुसरी फिट आली ती आईनं मनात शंका धरली म्हणून. अमावस्येला पोरीला आणि गाडीला पुन्हा घेऊन यावं. म्हणजे औषध यांनी काढून घ्यायचं, फिट माझ्या लेकीनं सोसायची, आणि दोष माझ्या शंकेचा! तेव्हा मी ठरवलं. माझी शंका असेल तर ती पुरती करू, अर्धवट कशाला?

जिजा घरी आली, नवीन बाटली आली, ती माझ्या कपाटात कुलपात गेली. दुसऱ्या दिवशी मी गाडीत जाऊन बसले. गाडी घरापुढंच, उन्हात उभी होती. समोर शेजाऱ्यांच्या जिन्याखालचा अंधार आणि तिथं त्यांची स्कूटर. कॅमेऱ्यातलं चित्र मोबाइलवर चालू दिसतं, ते उघडलं.

बाई उभी होती. दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांच्या स्कूटरला टेकून.

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. पण मी तिच्याकडे बघत राहिले. रेकॉर्डिंग बघतानाच मला एक गोष्ट टोचत होती. गाडी जोरात पुढे जात होती, झाडं मोठी होऊन मागे पडत होती, पण बाई मोठी होत नव्हती. रस्त्यावर उभ्या माणसाजवळ गाडी गेली की माणूस मोठा दिसायला नको? ही तेवढीच्या तेवढी. म्हणजे ती रस्त्यावर नव्हती. ती गाडीबरोबर प्रवास करत होती.

काचेत काही आहे का बघायला मी हात पुढे केला. मोबाइलमध्ये घराएवढा एक हात त्या बाईशेजारी उगवला. मी बोटं हलवली, त्यानं बोटं हलवली. मी नारळाला हात घातला, त्या हातानं बाईला केसांना धरलं. नारळ मेणातून उपटून वर उचलला, बाई उडून गेली.

मी एकटीच गाडीत मोठ्यानं हसले. मग रडले. एका नारळापायी माझी पोर फरशीवर पडली होती.

पण प्रश्न उरला होता. डॅशबोर्डवरच्या वस्तूची छाया काचेत पडते हे कुणालाही माहीत असतं. ती एवढी ठसठशीत कशी? माझ्या मोबाइलमध्ये गाडी घेतली त्या दिवशीचं एक चित्रण होतं. जिजा गाडीपुढं उभी राहून टाटा करते आहे. त्यात तिच्या फ्रॉकवरची फुलं दिसत होती, मागच्या त्याच स्कूटरचा नंबर वाचता येत होता. आता तो नंबर नुसता पांढरा पट्टा झाला होता.

मी कॅमेरा काढून उजेडात धरला. भिंग बारीक आट्यांवर बसवलेलं असतं, बाटलीचं झाकण बसतं तसं. कारखान्यात ते लांबचं नीट दिसेल असं फिरवतात आणि हलू नये म्हणून कडेला डिंकाचा ठिपका लावतात. आमच्या कॅमेऱ्याचा ठिपका तुटलेला होता. भिंगाभोवतीच्या कडीवर ताजा ओरखडा.

कॅमेरा परत अडकवला आणि कडी दोन बोटांत धरून हळूच फिरवली. चित्र आणखी बिघडलं. उलटीकडं फिरवली, अगदी नखभर. जिना दिसायला लागला. आणखी किंचित. स्कूटरचा नंबर अंक अंक करत वर आला. नारळ जागेवर ठेवला, तर बाईच्या जागी काचेवर दूध सांडून पुसल्यासारखा एक फिकट डाग. बघितलाही नसता कुणी.

मी वर जाऊन सांगितलं. विश्वजित म्हणाला, “असंल तसं. पण महाराज म्हणतात त्यात काहीतरी असंल की.” आक्कांना एवढंच ऐकू आलं, की मी नारळाला हात लावला. “आता पोरीचं काय व्हईल गं?” म्हणून त्या देवापुढं जाऊन बसल्या. घरात बोलून उपयोग नव्हता. मी खाली गेले, भिंगाची कडी होती तशी बिघडवली, नारळ होता तसा चिकटवला. भाजीच्या पिशवीतून एक मुळा घेतला. आणि अमावस्येची वाट बघत बसले.

त्या दिवशी शेडबाहेर टेम्पो, ट्रॅक्टर, गाड्या नुसत्या खेटून उभ्या होत्या. जिजाला मी माझ्या आईकडे ठेवलं होतं. आमची गाडी मीच चालवत नेली आणि शेडच्या दाराशी, तोंड आत करून उभी केली. ऊन डोक्यावर, आत अंधार.

“ज्येला शंका हाय त्येनं उठावं,” महाराजांचं सुरू होतं. “हितं शंकेवरबी औषध मिळतंय.”

मी उठले. “मला आहे शंका. पण जुनं रेकॉर्डिंग नको. बाई आत्ता कुठं उभी आहे ते बघायचंय.”

पिराजी पुढे झाला. “आत्ता न्हाई दिसायची ताई. ती चालत्या गाडीलाच लागती.”

“का? उभ्या गाडीत भिंग खोटं बोलतंय व्हय?”

कोल्हापूरच्या माणसाला तमाशा दिसल्यावर कोण अडवणार? “दावा की म्हाराज!” मागून आवाज आले. “हुंद्या की! बघू तरी!” शालूबाईंच्या कृष्णातनं माझा मोबाइल घेऊन टीव्हीला जोडूनही टाकला.

पडद्यावर शेड आलं. सगळी माणसं धुरकट, महाराज म्हणजे गादीवरचा भगवा डाग. आणि त्यांच्या डाव्या खांद्याला जवळजवळ टेकून, पिंजारलेल्या केसांची पांढरी बाई!

किंकाळी उठली. महाराजांच्या पायाशी बसलेली माणसं चपला न घेता पळाली. “म्हाराज सरका! शेजारीच हाय! डाव्या अंगाला!”

आणि महाराजांनी वळून बघितलं! ज्यानं भूत बनवलं त्यानंच दचकून डावीकडं बघितलं, आणि गादीवरून अर्धा उठलासुद्धा.

मी गाडीत बसले आणि हात घातला. टीव्हीवर घराएवढ्या हातानं बाईला केसांना धरलं आणि अलगद उचललं. मी काच खाली करून तो नारळ बाहेर धरला.

लोक माना पुढे काढून बघायला लागले. मग शालूबाईंचा आवाज आला. “आगं बया! नारळ हाय की ह्यो!”

“थांबा, तिची बहीण पण आणलीय,” म्हणून मी मुळा आडवा ठेवला, पाला माझ्याकडं करून. महाराजांच्या शेजारी लगेच एक सडपातळ गोरी बाई उभी राहिली, डोक्यावर हिरव्या बटा.

“ही कालिजातली दिसतीया!” कुणीतरी ओरडलं आणि शेड हसण्यानं हादरलं. त्या दिवशी ते माझ्यावर हसत नव्हतं.

मी कॅमेऱ्याला हात घालणार तेवढ्यात विश्वजित खिडकीशी आला. त्यानं कॅमेरा मागितला, उजेडात धरला, कडेनं फिरवला, जसा कारखान्यात रोज फिरवत असेल. त्याचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला.

“ब्लेडनं खरवडलंय हे,” तो म्हणाला. मग मान वर करून मोठ्यानं, “पिराजी! महाराजांकडं यायच्या आधी तू गाड्यांना कॅमेरेच बसवायचास न्हवं रं?”

पिराजी मागच्या दाराकडं सरकला. कृष्णात तिथं आधीच उभा होता. त्यानं आपल्या टेम्पोतला कॅमेरा उपटून आणला होता. त्याच्याही कडीवर तसाच ओरखडा.

मग मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ज्यांना ज्यांना बाई दिसली त्यांनी तरी हे नीट समजून घ्यावं, म्हणून इथंही लिहिते. गाडीची पुढची काच तिरपी असते. तिच्यात डॅशबोर्डवर आडवी ठेवलेली वस्तू उभी दिसते, आपल्याकडची बाजू वर. म्हणून शेंडी आपल्याकडं ठेवायची. काचेतली ती छाया कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावरच्या वस्तूसारखी असते, आणि कॅमेरा लांबचं बघायला लावलेला असतो, म्हणून एरवी ती पुसट राहते. भिंग नखभर बाहेर फिरवलं की उलटं होतं. हातभर अंतरावरचं लख्ख आणि लांबचा रस्ता धुकं. बाई झाडाखालीच का दिसते? कारण मागे अंधार असला की काचेतली छाया उठून दिसते, उजेडात विरून जाते. आणि महाराज ज्यांना बाईचे सोबती म्हणायचे ते संध्याकाळचे तेजाचे गोळे? समोरच्या गाड्यांचे दिवे. लांबचे दिवे पुसट झाले की फुगून गोल होतात. तुमचा चष्मा काढून रस्त्यावर बघा, तुम्हालाही साक्षात्कार होईल.

विश्वजितनं कॅमेरा अडकवला. मी कडी फिरवली. टीव्हीवरचं धुकं निवळलं, माणसांना नाकडोळे आले, आणि मुळ्याची बाई विरून गेली. सगळ्यात शेवटी गादीवरच्या भगव्या डागाचा माणूस झाला. काजळ घामानं गालावर ओघळलेलं, नजर मागच्या दारावर.

“हातचलाखी हाय ही! बाईमानसाच्या नादी लागू नका!” तो ओरडला.

“भिंग खोटं बोलत न्हाई म्हाराज,” शालूबाई म्हणाल्या. “तुमीच सांगितलंया.”

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. कृष्णातनं दिली, आणखी काही जणांनी दिली. शेड आता बंद आहे. तो माणूस उद्या दुसऱ्या तालुक्यात दुसरं नाव घेऊन बसणार नाही, याची मला खात्री नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आक्का त्या दिवशी परत येताना गाडीत तो नारळ मांडीवर घेऊन बसल्या. घरी आल्यावर त्यांनी नारळाचं फडकं सोडलं, नारळ दारात आपटून फोडला, खोबरं चिरलं आणि आमटीच्या वाटणात घातलं. संध्याकाळी माझ्यापुढं हात पसरला. “किल्ली दे. आज मी देते.” मी बराच वेळ दिली नाही. मग दिली. त्यांनी बाटली उघडली, आधी नाकाशी धरली, खूण मला दाखवली आणि मगच जिजाला पाजलं. आता रोज असंच चालतं. जिजाला त्यानंतर फिट आलेली नाही. हा माझा चमत्कार नाही. ते औषधाचं काम आहे, आणि उद्या पुन्हा आली तर आम्ही डॉक्टरांकडेच जाणार आहोत.

देव मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यावर भांडायला आलेले नाही. पण तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी हात पुढे करा. नारळ उचलून बघा. सगळ्यांच्या गाडीपुढं एकच बाई का उभी राहते, ते विचारा. आणि जो माणूस लेकराचं औषध बंद करा म्हणतो, तेही आईच्या नकळत, त्याच्या दारातून लेकराला उचला आणि निघा. मागे वळून बघू नका. तिथं कुणीही उभं नसतं.